किटली तळ्याकाठची परीक्षा

जंगलात इस्त्री घेऊन गेलेली बाई या भूतलावर एकच असेल, आणि ती मी.

अमेरिकेत येऊन मला जेमतेम एक उन्हाळा झाला होता. नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी पेनसिल्व्हेनियात कॅम्पिंगला जायचं ठरवलं. कॅम्प म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नागपूरच्या कॉलेजातलं श्रमदान शिबिर उभं राहिलं: शाळेच्या वर्गात सतरंज्या, संध्याकाळी भाषणं, शेवटच्या दिवशी पाहुणे. पाहुण्यांसमोर चुरगळलेल्या साडीत उभं कसं राहायचं? आमच्या वडिलांचा दंडकच होता की कपडा जुना चालेल, बिनइस्त्रीचा नाही. ज्या गावाने आपल्याला कधी स्वच्छ समजलं नाही, त्या गावासमोर तर नाहीच. तेव्हा मी अर्धा डझन सुती साड्या आणि इस्त्री सुटकेसमध्ये भरली. पोचल्यावर तिथल्या रेंजरला विचारलं, प्लग कुठे आहे. तो बिचारा एकदम गंभीर झाला. म्हणाला, तुम्हाला श्वासाचं मशीन लागतं का? मी म्हटलं, नाही, कॉटन आहे.

 प्रभाकरने त्या इस्त्रीने तंबूच्या खुंट्या ठोकल्या, आणि पुढे घरी कुणीही आलं की ही गोष्ट सांगितली. त्या काळी मी नवऱ्याचं नाव घेत नसे. आता सरळ एकेरीत घेते. आक्षेप घ्यायला तो नाही.

त्याला जाऊन दोन हिवाळे झाले. तेव्हापासून मी न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या घरात एकटी राहते. मुलगी शुभांगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला. तिने माझ्यासाठी खालची खोली तयार करून ठेवली आहे. पलंग बुटका, बाथरूममध्ये धरायला स्टीलचं दांडकं. ते दांडकं बघितलं की आपण बसमध्ये उभ्या आहोत आणि स्टॉप काही येत नाही, असं मला वाटतं. मार्चमध्ये मी दूध गॅसवर ठेवून टपाल आणायला गेले, शेजारणीशी बोलत उभी राहिले, आणि परत येते तो दारात आगीचा बंब. दूध उतू गेलं, पातेलं जळलं, बाकी काही नाही. पण अलार्म कंपनीच्या फोनमुळे बंब आला ही बातमी माझ्याआधी शुभांगीला कळली. त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद: "आई, आता पुरे. थंडीच्या आत घर विकायला काढू."

मी नाही म्हणायची, ती हो म्हणायची. शेवटी नात मध्ये पडली. तन्वी मिनेसोटाच्या युनिव्हर्सिटीत तळ्यांच्या पाण्याचा अभ्यास करते. ऑगस्टअखेर उत्तरेच्या जंगलात जाऊन तळ्यातळ्यांतून पाण्याचे नमुने गोळा करते. तिने आईला सांगितलं, "मॉम, लेट हर कम विथ मी. मी दिवसभर कामावर असेन, आज्जी एकटीच असेल. तिथे मॅनेज केलं तर न्यू जर्सी इज नथिंग."

शुभांगी लगेच कबूल झाली, कारण दुसऱ्या दिवशी मी पळून येईन अशी तिची खात्री होती. ठरलं असं: पास झाले तर घर माझं आणि तो विषय कायमचा बंद. नापास झाले तर थंडीच्या आत फ्रीमाँट. परीक्षक तन्वी, जिची दुपटी मी धुतली.

डलूथच्या पुढे

डलूथ शहर मागे पडलं आणि झाडं रस्त्याच्या अगदी कडेला येऊन उभी राहिली. पाइन, मध्ये मध्ये पांढऱ्या सालीचे बर्च, मग पुन्हा पाइन. गावं संपत गेली. एका फाट्यावर शेवटचा पेट्रोलपंप होता. त्याच्या दुकानात जिवंत गांडुळं आणि आइस्क्रीम एकाच फ्रीजमध्ये, फक्त कप्पे वेगळे. आमच्या घरी मटणाचं भांडं आणि दुधाचं भांडं शेजारी ठेवलं तर माझी सासू दिवसभर बोलायची नाही. मी आइस्क्रीम घेतलं नाही.

"आज्जी, इथून पुढे सिग्नल नाही," तन्वी म्हणाली. "कुणाला कॉल करायचाय?"

मी फोन हातात घेतला. नावं वर-खाली केली. शुभांगी ऑफिसात असणार. बाकीच्यांना काय सांगायचं, की मी आता फोनच्या बाहेर चालले? त्यांना मी फोनच्या आत असतानाही फारसा फरक पडत नव्हता.

"नाही," म्हटलं. "चल."

पुढे खडीचा रस्ता. तो संपला तिथे किटली तळं. किटलीच्या तोटीसारखा त्याचा एक फाटा जंगलात शिरलाय म्हणून ते नाव. काठावर मोजक्या मोकळ्या जागा, प्रत्येकीत एक लाकडी टेबल आणि विस्तवासाठी लोखंडी कडं. वीज नाही, नळ नाही. संडास म्हणजे लाकडी खोपटं आणि खाली खोल खड्डा. पाण्याला हातपंप. पाटीवर लिहिलं होतं: रस्टिक, म्हणजे गावठी.

मी तन्वीला म्हटलं, "हे आमच्या वर्ध्याजवळच्या गावी फुकट होतं. यातून बाहेर पडायला दोन पिढ्या शिकल्या. आणि तू पीएचडी करून परत इथेच आणलंस."

"आज्जी, पीपल लव्ह धिस."

"ज्यांना परत जायला घर असतं त्यांना आवडतं."

ती हसली, मीही हसले. पण घराचा विषय निघाला म्हणून दोघीही सामान उतरवायला लागलो.

तिने तंबू ठोकला आणि मी पाणी आणायला गेले. पंपावर एक उंच, हाडापेराची म्हातारी होती. डोक्यावर मासेमारीची टोपी, एका गुडघ्याला पट्टा. तिने माझा डबा बघितला आणि न विचारता दांडा धरला. म्हणाली, तू डबा धर, मी मारते.

आता तिला काय सांगायचं? माझी आजी विहिरीच्या कट्ट्याखाली कळशी घेऊन उभी राहायची आणि वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी मिळायचं. कुणी वरून ओतावं आणि आपण खाली भांडं धरावं, हे आमच्या घरात पुन्हा कुणी केलं नाही. मी म्हटलं, "नो, नो. यू होल्ड." आणि दांडा हातात घेतला. तिने खांदे उडवले आणि मुकाट्याने डबा धरला. पंप भलताच जड. मी घामाघूम झाले, पण दोन्ही डबे मीच भरले, तिचाही.

तिचं नाव मार्लिस. तिने माझ्या सुमनचं जागच्या जागी "सू" करून टाकलं.

एकटीचे दिवस

सकाळी धुकं तळ्यावर साईसारखं जमलेलं असायचं. तन्वी चहा घेऊन बाटल्यांची पेटी गाडीत टाकायची आणि जायची ती ऊन कलल्यावर परत. जाताना तोंडी परीक्षा: "खाणं कुठे ठेवायचं, आज्जी?"

"लोखंडी पेटीत. अस्वल येतं."

"फायर?"

"पाणी ओतायचं, ढवळायचं, हात लावून बघायचं."

"तळ्यात?"

"गुडघ्याच्या वर नाही. तुझ्या आईलाही मी इतकं छळलं नव्हतं."

गाडीचा आवाज विरला की जे राहायचं त्याला शांतता म्हणायचं की काय, मला ठरवता येईना. घरी मी एकटीच असते. पण तिथे फ्रीज घरघरतो, टीव्हीवर कुणीतरी कुणाशी भांडत असतं, कचऱ्याची गाडी येते. इथे मी पळी पातेल्यावर आपटली तरी तो आवाज तळ्यापलीकडे जाऊन परत यायचा. पहिल्या दिवशी दुपारी कधीतरी माझ्या लक्षात आलं की तन्वी गेल्यापासून आपण एक शब्द बोललेलो नाही. बोलून बघावं म्हणून मोठ्याने म्हटलं, "बरं." नंतर काय म्हणायचं ते सुचेना.

मग तळ्यातून एक बाई ओरडली. लांब, वर चढत जाणारा सूर, मध्येच तुटलेला. मी पळी टाकून काठावर धावले. पाण्यावर फक्त एक काळा-पांढरा पक्षी होता, बदकापेक्षा मोठा, लाल डोळ्यांचा. त्याला लून म्हणतात. जोडीदार दूर गेला की असा हाका मारतो. तो पुन्हा ओरडला तेव्हा मी म्हटलं, "काहून गं, काय झालं?" आमचा प्रभाकर घरातून असाच विचारायचा. तन्वी गेल्यानंतरचं माझं हे पहिलं संभाषण.

स्वयंपाकाची फजिती सांगितलीच पाहिजे. चुलीवर मी लहानपणी आईला बघितलं होतं. बघितलं होतं, केलं नव्हतं, हा फरक पिठल्यात उतरला. एका बाजूने कच्चं, दुसऱ्या बाजूने कोळसा, आणि मध्ये धुराचा वास. जाळ वाढवायला फुंकर घातली तर राख माझ्याच तोंडावर. जवसाची चटणी मी नागपूरहून आलेली, पुरवून पुरवून खाल्लेली, खास आणली होती. टेबलावर पुडी उघडी ठेवून वळले तोच एक पट्ट्यापट्ट्याची खार ती तोंडात धरून बर्चवर चढली. वर बसून तिने चव घेतली, थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खायला लागली. मला बरं वाटलं. त्या जंगलात जवसाची चटणी आवडणाऱ्या आम्ही दोघी झालो.

तिसऱ्या दिवसापर्यंत माझा विस्तव पहिल्या काडीला पेटायला लागला. तन्वी यायची तेव्हा भात तयार, पाणी भरलेलं, टेबल पुसलेलं. ती तोंडाने काही म्हणायची नाही, पण ताट घेताना "नॉट बॅड, आज्जी" अशी मान हलवायची. मला आतून हसू फुटायचं. शुभांगीच्या त्या स्टीलच्या दांडक्याला गंज चढताना मला दिसायला लागला होता.

मार्लिसकडे कॉफी

मार्लिस शेजारच्या जागेत छोट्या ट्रेलरमध्ये होती. एक पत्र्याची मोटरची होडी, दोन गळ आणि एक रेडिओ, जो लागत नसे. दर उन्हाळ्यात येते, एकटीच. लग्न केलं नाही. का, असं मी विचारलं. आपण विचारतोच. ती म्हणाली, "कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा मी विचार करते म्हणाले. अजून करतेच आहे."

तिच्या तोंडचं मी मराठीत लिहिते आहे, पण मूळ तिचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. तिकडचे लोक 'ओ' इतका लांबवतात की वाक्य संपेपर्यंत आपण विसरून जावं. माझंही तिला निम्मंच कळत असणार. पण दोन अर्धे मिळून आमचं बरं चालायचं. ती जंगलाकडे बघत बोलायची, मी तिच्याकडे बघत. मध्ये मध्ये दोघीही गप्प. वेस्ट विंडसरमध्ये कुणी असं गप्प बसलं तर मी उठून चहा टाकते. इथे नुसतं बसायला शिकले.

चौथ्या दिवशी सकाळी तिने मोठे मासे पकडले होते. ते साफ करता करता म्हणाली, "दुपारी तळणार आहे. मासा पुष्कळ आहे."

मी म्हटलं, "छान."

"एकटीला संपणार नाही एवढा."

"हो, मोठा आहे."

आता मला कळतं, ते आमंत्रण होतं. तिकडच्या लोकांची आमंत्रणाची पद्धतच ही. ते हवेत सांगून ठेवतात, समोरच्याने उचललं तर उचललं. आपल्याकडे आमंत्रण म्हणजे दंडाला धरून पाटावर बसवणं, आणि तीनदा नाही म्हटल्याशिवाय जेवायला बसलो तर आपणच हावरट. मी तिला माशाबद्दल शाबासकी देत राहिले आणि कॉफी संपल्यावर उठले. उठताना आपण जे म्हणतो तेच म्हटलं. येते हं. फक्त ते इंग्रजीत म्हटलं.

"ओके, मार्लिस. आय विल कम."

"यू बेट," ती म्हणाली, म्हणजे जरूर. चेहरा उजळलेला. मला वाटलं, किती मायाळू निरोप देते.

आमच्या घरी निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही. लहानपणी कुणाच्या तोंडून चुकून निघालं तर आई मागे बोलावून पुन्हा म्हणायला लावायची. चाळीस पावलांवर भाजी आणायला गेलं तरी येते. ते इतकं हाडात गेलंय की इंग्रजीतही तसंच येतं, आणि आजवर या देशात किती लोकांना मी 'येते' सांगून ताटकळत ठेवलं असेल, देव जाणे. असतील तर अजून बसले असतील.

तळ्याच्या काठाने एक पायवाट जंगलात जाते, पुढे खडकाळ चढावर रानातल्या ब्लूबेरीची झुडपं आहेत, असं तन्वीने सांगितलं होतं. हंगाम सरत आला होता, तरी बघावं. रात्री पाऊस पडून चिखल झालेला. मी लाकडी धक्क्याच्या टोकाला बसले, पाय धुतले, तन्वीने घेऊन दिलेले जाडजूड बूट तिथेच चढवले, आणि चपला पाण्याकडे तोंड करून नीट जोडीने लावून ठेवल्या. चपला जोडीने लावायच्या, हेही आईचंच.

खडकावर

ब्लूबेरी होत्या. बारक्या, गडद, आंबट-गोड. मी बोरं वेचावी तशा वेचल्या, निम्म्या डब्यात, निम्म्या तोंडात. वर एक सपाट खडक होता, उन्हाने तापलेला. खाली तळं, पलीकडे जंगल, त्यापलीकडे जंगल. पाठ टेकली.

तिथे माझ्या मनात आलं की या घडीला मी कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नाही. आधी भारी गंमत वाटली. शाळा बुडवल्यासारखी. मग हळूहळू वाटलं, यात नवीन काय? वेस्ट विंडसरला मी ग्रोसरीला जाते, लायब्ररीत जाते, डॉक्टरकडे जाते. दार ओढून घेते आणि किल्ली पर्समध्ये टाकते. मी कुठे आहे हे तिथेही दोन वर्षांत कुणाला माहीत नसतं. फक्त तिथे खडक नाही म्हणून ते जाणवत नव्हतं.

मला वाटतं मी रडले असते, पण पोटात ब्लूबेरी आणि पाठीला ऊन. झोपच लागली.

जागी झाले तेव्हा ऊन पार कललं होतं. खालून तो लून ओरडत होता. उतरायला लागले तशी तो आवाज वेगळा वाटायला लागला. सूर तसाच लांब, पण दोन तुकड्यांचा. सू... मन. सू... मन. माझं पुरं नाव, मध्ये मोटरची घरघर.

झाडांतून बाहेर आले. तळ्याच्या मध्यावर मार्लिस होडीत उभी होती. तो दुखरा गुडघा घेऊन उभी, हातातलं वल्हं पाण्यात खोल खुपसून चाचपत होती. आणि धक्क्याच्या टोकाला तन्वी. माझ्या चपला तिने दोन्ही हातांनी छातीशी धरल्या होत्या.

मी हाक मारली. "तनू."

ती वळली. मी तिला तान्ही असल्यापासून ओळखते, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. माझी जीभ, दात, ओठ सगळं ब्लूबेरीने जांभळं. तिला वाटलं मी पाण्यातूनच आले. ती धावत आली, मला घट्ट धरलं, मग ढकललं, मग पुन्हा धरलं.

"हू डझ दॅट, आज्जी? चपला अशा पाण्याकडे ठेवून कोण जातं?"

"आपण सगळे," मी म्हटलं.

"धिस इज नॉट फनी."

नव्हतंच. मार्लिसने होडी काठाला लावली. तिला उतरता येईना. मी आणि तन्वीने तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं.  तिच्या टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या, दोन काटे, आणि झाकून ठेवलेला तळलेला मासा. कधीचा थंडगार.

"तू येते म्हणालीस," मार्लिस म्हणाली. एवढंच. आवाज न चढवता.

मग मी सांगितलं. आमच्याकडे जाताना येते म्हणतात. जाते म्हटलं तर परत येणं होणार नाही असं वाटतं. ती ऐकत राहिली. तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. म्हणाली, "मुलं म्हणायची, थांब, मी येते. मग मी थांबायचे. येते म्हणालेलं मूल मी मागे टाकलं नाही कधी." जरा वेळाने विचारलं, "आणि खरंच परत येणार असलं, तर तुमच्याकडे काय म्हणतात?"

"तेच."

"मग कळतं कसं?"

"कळत नाही. वाट बघायची."

प्रभाकरला ऑपरेशनला आत नेताना त्याने मान वळवून म्हटलं होतं, येतो गं. हे मी मार्लिसला सांगितलं नाही. मी तिच्या ताटलीतला थंड मासा खाल्ला, सगळा. दुसऱ्यांदा वाढला तेव्हा एकदाही नाही म्हटलं नाही.

निकाल

त्या संध्याकाळी तन्वी विस्तवाशी बसून काटकी मोडत राहिली. मीच म्हटलं, "सांग बाई. पास की नापास?"

"आय डोन्ट नो. तू सगळं बरोबर केलंस. पाणी, फायर, फूड, अस्वल, एव्हरीथिंग. अँड देन यू वेअर डेड फॉर अॅन आफ्टरनून."

"मेले त्याचे मार्क कापशील ना?"

ती हसली नाही. "मी मॉमला प्रॉमिस केलंय, ऑनेस्टली सांगणार. काय सांगू?"

"खरं तेच सांग." मग म्हटलं, "नको. मीच सांगते. तू नीट सांगणार नाहीस, मधले विनोद गाळशील."

खरं म्हणजे मला भीती वाटत होती. दूध उतू जाणं वेगळं. इथे नात धक्क्यावर चपला कवटाळून उभी होती, आणि गुडघ्याने अधू बाई तळ्यात मला शोधत होती. मी शुभांगीच्या जागी असते तर घर त्याच दिवशी विकायला काढलं असतं. रात्री तंबूत पडल्या पडल्या मी घरातल्या वस्तू कुणाला काय द्यायची ते मनात वाटूनही टाकलं. जेवणाचं टेबल फ्रीमाँटला मावणार नाही, हेही ठरवलं.

सकाळी आम्ही त्या शेवटच्या पेट्रोलपंपावर गेलो. तन्वी बर्फ आणायला आत गेली, मुद्दामच. मी गाडीत बसून फोन लावला. फ्रीमाँटला ती नुकतीच ऑफिसला निघाली होती. फ्रीवेच्या कडेला गाडी घे, म्हटलं. ती म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मी जिवंत आहे, आधी बाहेर पड." तिने एक एक्झिट घेतली, कुठल्याशा पार्किंगमध्ये गाडी उभी केली.

मग मी सगळं सांगितलं. पंप, पिठलं, खार, मासा, आय विल कम, चपला, जांभळी जीभ, वल्हं. काही लपवलं नाही, उलट थोडं वाढवूनच सांगितलं, हसावी म्हणून. ती हसली नाही. मार्लिसने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तरही सांगितलं. मग माझ्याकडचं संपलं. मी म्हटलं, "तेव्हा हे असं. आता तू म्हणशील तसं."

 मी स्क्रीनकडे बघितलं, सिग्नल गेला की काय. होता. तिच्या बाजूला एखादी गाडी गेल्याचा आवाज आला. नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग ती म्हणाली,

"घर नको विकूस, आई. खोलीचं मी पुन्हा काढणार नाही. पण बाबा गेल्यापासून तू दोनदा माझ्याकडे येऊन गेलीस, आणि दोन्ही वेळा एअरपोर्टवर मला 'जाते' म्हणालीस. आणि त्या बाईला, ओळख ना पाळख, तिला 'येते'."